कढीची गाडी

जबलपुरात नर्मदेच्या ग्वारीघाटाकडे जाताना रेल्वेचं फाटक बंद दिसलं की माझा हात अजूनही आपोआप किल्लीकडे जातो. इंजिन बंद होतं, त्याबरोबर एसीही बंद होतो, आणि शेजारी बसलेली बायको पदराने वारा घेत म्हणते, "कुंदाताई गेल्या नागपूरला, पण तुमच्या गाडीतून काही उतरल्या नाहीत."

खरं आहे ते. आणि मला त्याचा आनंदच आहे. नागपूरला लेकीकडे राहायला गेलेल्या या बाईंनी तिथल्या सिग्नलवर आतापर्यंत काय धुमाकूळ घातला असेल, या नुसत्या कल्पनेनेही मला भर दुपारी हसू फुटतं.

कुंदाताई आमच्या समोरच्या घरात राहायच्या. वीज खात्यात, सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत, आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या. ठेंगणा बांधा, सुती साडी आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. माणूस निवृत्त झाला की सावकाश होतो, असं आपण मानतो. कुंदाताईंचं उलट होतं. त्या सदैव काहीतरी नुकतंच कळल्यासारख्या असायच्या. अंगणाच्या फाटकाची कडी वाजायच्या आत त्यांचा आवाज घरात शिरायचा, "ऐकलं का?" आणि पुढे येणारी बातमी कुणाच्या लग्नाची किंवा मयताची नसायची. गल्लीतल्या सगळ्यांनी पाण्याची मोटर एकाच वेळी लावली म्हणून दिवे कसे मिणमिणतात, किंवा गणपतीच्या मांडवातली माळ भर उन्हात कशी जळत असते, अशी काहीतरी असायची. तीही त्या इतक्या हरखून सांगायच्या की आपल्याला वाटावं, मोटर पाळीपाळीने लावणं म्हणजे सणच आहे. आणि खरंच, महिन्याभरात आमच्या गल्लीत मोटरींच्या पाळ्या सुरू झाल्या. भांडणं झाली नाहीत. जबलपूरच्या मराठी कॉलनीत पाण्यावरून भांडण न होणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही.

पण त्यांचा खरा जीव गाडीत. पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या आणि जुनी, पांढरी, छोटीशी गाडी घेतली. ती गाडी त्या अशी चालवत की पाहत राहावं. गिअर कधी बदलला ते कळायचं नाही. दूरवर सिग्नल लाल दिसला की त्या तिथूनच पाय उचलायच्या, आणि गाडी आपल्याच वेगात लोळत लोळत जाऊन बरोबर पांढऱ्या रेघेवर उभी राहायची. मी त्यांच्या नेमका उलट. मी गाडी चालवतो म्हणजे रस्त्यावर रागावतो. एकदा कमानिया गेटच्या गर्दीत मी दोन ई-रिक्षांच्या मधून गाडी काढली, पुढे जाऊन करकचून ब्रेक दाबला, पुन्हा काढली. मागच्या सीटवरून कुंदाताई शांतपणे म्हणाल्या, "पळवलंत, मग ब्रेकवर जाळलंत. पोचलो तर तिथंच, त्या रिक्षाच्या बाजूलाच. मग काहून पळवलं?" खिडकीतून पाहिलं, तर खरोखरच तीच रिक्षा शेजारी होती आणि रिक्षावाला माझ्याकडे बघून हसत होता.

फाटकावर तर त्यांच्या अंगात संचारायचं. रांग लागली की त्या स्वतःचं इंजिन बंद करून खाली उतरायच्या आणि एकेका गाडीच्या काचेवर बोटातल्या अंगठीने टकटक करत जायच्या. लोकांना आधी वाटायचं, बाई वर्गणी मागायला आल्या. एका ट्रकवाल्याने तर हात जोडून आधीच माफी मागितली होती. त्याला त्या म्हणाल्या, "भैया, रेल अभी आई नहीं है, फाटक खुला नहीं है, तो आप किसके लिए जला रहे हो?" तो एवढा गोंधळला की त्याने बंदच केलं. मग रांगेतली शेवटची धडधड थांबली की कुंदाताई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून एक बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, "आता ऐका."

आणि ऐकू यायचं हो! कडुनिंबातले पोपट, कुठल्याशा देवळातली घंटा, फाटकाजवळच्या क्वार्टरमधल्या कुकरची शिट्टी. इतकी वर्षं आम्ही त्या फाटकावर उभे राहिलो होतो, पण तिथे पोपट आहेत हे कुणाला माहीत नव्हतं. त्यांना पेट्रोल वाचल्याचा आनंद व्हायचाच, पण पोपट सापडल्याचा जास्त व्हायचा, असा माझा कयास आहे.

लोक चेष्टाही करायचे. दात कोरून पोट भरतं का, असं आमच्या मंडळाचे सचिव पाठक त्यांच्या तोंडावर म्हणाले होते. त्यावर त्या मनापासून हसल्या होत्या आणि पाठकांच्या गाडीच्या टायरमध्ये हवा कमी आहे, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

टायरवरून आठवलं, एका वर्षीची संक्रांत. हळदीकुंकवाला वाण लुटायचं तर बायका वाट्या देतात, डबे देतात, हौशी असेल तर पर्स. कुंदाताईंनी टायरमधली हवा मोजायचं यंत्र लुटलं. खिशात मावेल एवढं, पेनासारखं. आमची बायको घरी आली ती ते हातात उलटसुलट करत. "ताप मोजायचं असेल," ती म्हणाली. दुसऱ्या एकीने ते स्वयंपाकघरात ठेवलं आणि पाकात बुडवून पाहिलं. पण पुढच्या रविवारी सकाळी गल्लीत काय दृश्य होतं! साऱ्या बायका आपापल्या गाडीपाशी वाकून हवा मोजताहेत आणि नवरे दारात चहाचे कप घेऊन अपराध्यासारखे उभे. एकाही गाडीची हवा पुरी नव्हती. कुंदाताई या टोकाहून त्या टोकाला धावत होत्या, "मऊ टायर म्हणजे वाळूत चालणं हो, गाडी दमून राहिली तुमची!" असं सांगत. त्या दिवशी पेट्रोलपंपावरच्या हवेवाल्याने आम्हाला रांग लावायला सांगितलं.

आता कढीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन ठेपतं. कार्तिकात आमची कॉलनी आवळीभोजनाला जाते. ग्वारीघाटाच्या पलीकडे एका ओळखीच्या बागेत आवळ्याची जुनी झाडं आहेत. पोळ्या, भाजी, मसालेभात घरोघरून येतात. कढी मात्र एकाच मोठ्या पातेल्यात होते, आणि ते पातेलं कुणाच्या गाडीतून न्यायचं हा मानाचा प्रश्न असतो. जिच्यातून कढी सांडणार नाही ती गाडी. कित्येक वर्षं कढी म्हणजे सीटवर, पायांवर, आणि उरलेली पातेल्यात. कुंदाताईंच्या गाडीतून ती पहिल्यांदा गेली आणि झाकण उघडलं तर काठापर्यंत तशीच. तेव्हापासून त्यांची गाडी ही कढीची गाडी झाली. त्या नव्या शिकणाऱ्यांना म्हणायच्या, पायाखाली ॲक्सिलरेटर नाही, मांडीवर कढी आहे असं समजा. गाडीही कमी पिते आणि माणूसही कमी चिडतं. गल्लीतली निम्मी तरुण मंडळी त्यांच्याकडूनच गाडी शिकली. आणि त्यात सगळ्यात लाडका होता सुहास.

सुहास आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा. कॉलेजात शिकवायला लागलेला, लाजरा, आईवेडा. त्याने नवी गाडी घेतली तेव्हा पहिला फेरफटका कुंदाताईंना मारून आणला. कुंदाताईंनी त्याला त्यांचं सगळ्यात आवडतं कसब शिकवलं, जे त्या सगळ्यांनाच शिकवत. टेकडीवरून खाली येणारा लांब उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची, इंजिन बंद करायचं आणि गाडी सोडून द्यायची. खालच्या वळणापर्यंत फुकटात. त्यांच्या जुन्या गाडीत हे त्या वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. वारा कानात वाजायचा आणि त्या लहान मुलीसारख्या खुश व्हायच्या.

गणपती उठल्यावर काही दिवसांनी सुहास आईला, म्हणजे सिंधूताईंना, घेऊन त्याच उताराने येत होता. शिकवल्याप्रमाणे त्याने इंजिन बंद केलं. एक गाय आडवी आली, ब्रेक दाबला, गाडी हळू झाली. दुसरी आली, पुन्हा दाबला. वळणावर तिसऱ्यांदा दाबला तेव्हा ब्रेक दगडासारखा घट्ट झालेला आणि स्टिअरिंगही जडशीळ. गाडी रस्त्याकडेच्या रेतीच्या ढिगात घुसली. रेत होती म्हणून बरं. सिंधूताईंनी धक्क्याला हात पुढे केला आणि त्यांचं मनगट मोडलं.

गल्लीने निकाल लगेच दिला: पोरगा मोबाइल बघत असणार. सुहास काही बोलला नाही. कुणी शिकवलं ते सांगितलं असतं तर सुटला असता, पण तो मान खाली घालून फिरत राहिला. सिंधूताईंनी त्याच्या गाडीत पुन्हा बसणार नाही म्हणून सांगून टाकलं, आणि ते त्याला रेतीच्या ढिगापेक्षा जास्त लागलं.

कुंदाताईंना मी गप्प बसलेलं पाहिलं ते तेवढंच. दोन दिवस समोरच्या घरातून "ऐकलं का" आलं नाही. बायको म्हणाली, जाऊन बघून या. मी गेलो तर त्या निघायच्याच तयारीत होत्या. बूट घालत म्हणाल्या की सुहासची गाडी दुरुस्त होऊन आली आहे, आणि त्यांना त्या गाडीतून तोच उतार उतरायचा आहे. सुहास चालवेल, मी मागे बसायचं.

त्या तासाभरात मी जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. या नव्या गाडीच्या समोरच्या पडद्यावर गाडी त्या क्षणाला किती तेल पिते आहे हे दिसतं. उताराच्या डोक्यावर कुंदाताई म्हणाल्या, इंजिन चालू ठेव आणि न्यूट्रल कर. सुहासने केलं. पडद्यावरची पट्टी थोडीशी उभी राहिली, गाडी थोडं थोडं पीत होती. खाली जाऊन परत वर आलो. आता गिअरमध्येच ठेव, नुसता पाय काढ. सुहासने पाय काढला आणि पट्टी खाली बसली. पार खाली. गाडी गिअरमध्ये उतरत होती, इंजिन फिरत होतं, ब्रेक लोण्यासारखे लागत होते, आणि ती तेलाचा थेंब घेत नव्हती.

"परत," कुंदाताई म्हणाल्या. परत केलं. मग परत. त्यांचे डोळे मोठे होत गेले. मला वाटलं, आता या रडतील. इतकी वर्षं जे शिकवलं ते या गाड्यांपुरतं उफराटं निघालं होतं, आणि त्यात एक मनगट मोडलं होतं. पण कुंदाताई वळून माझ्याकडे बघत जवळजवळ ओरडल्या, "अहो, मी चुकले! बघून राहिले ना तुम्ही? गाडी स्वतःच बंद करून राहिली तेल! मी उगाच बंद करत होते!" आणि त्यांच्या चेहऱ्यावर तोच आनंद होता, पोपट सापडल्याचा. मग तो हळूहळू मावळला. सुहासच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "माझ्या खटाऱ्याला ना पॉवर ब्रेक, ना पॉवर स्टिअरिंग. तुझ्या गाडीत ते दोन्ही इंजिनाच्या जोरावरच चालून राहिले. तिच्यात जमून गेलं म्हणून तुला शिकवलं. तुझ्या गाडीला विचारलंच नाही मी."

संध्याकाळी पाठक त्यांच्याकडे आले, तेव्हा कुंदाताईंनी त्यांना सगळं सांगून टाकलं. मी तिथे होतो. पाठकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच ते लागलं. ते म्हणाले की सुहासने नाव घेतलेलं नाही, गल्लीला माहीत नाही, तर मूग गिळून बसा. एकदा तुम्ही चुकलात म्हटलं की फाटकावर इंजिन कोण बंद करेल? मोटरीच्या पाळ्याही जातील. एवढ्या वर्षांत जे उभं केलंत ते पडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कुंदाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "पाठकजी, माझी मूठ झाकलेली राहील. पण अजून कितीजणांची गाडी त्या उतारावरून बंद जाऊन राहिली आहे, ते मला माहीत आहे ना. मीच शिकवली आहेत सगळी."

आणि त्या निघाल्या, मीही मागोमाग. आधी सिंधूताईंकडे. सिंधूताई प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. कुंदाताई त्यांच्यासमोर बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सिंधू, तुझा हात मी मोडला. सुहासने मी सांगितलं तेच केलं. त्याच्या गाडीत नको बसू म्हणशील, तर माझ्याही घरी नको येऊ." सिंधूताईंनी सुहासला हाक मारली आणि आत जाऊन कुंदाताईंसाठी पाणी आण म्हणाल्या.

मग घरोघर. नवरात्रात बायका देवीच्या दर्शनाला निघतात, तशा कुंदाताई उताराच्या मोहिमेवर निघाल्या. प्रत्येकाला त्याच्याच गाडीत घालून टेकडीवर न्यायचं, पट्टी दाखवायची. ज्याच्या गाडीत पट्टी नाही त्याला सुहासच्या. "या, माझी चूक दाखवते," असं म्हणून लोकांना बोलावणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. कुणी कंटाळून नाही म्हटलं तर त्या त्याच्या दारात उभ्या. आठवड्याभरात आमच्या गल्लीतला एकही माणूस त्या उतारावर इंजिन बंद करत नव्हता.

पण पाठकांचं म्हणणंही खरं झालं. फाटकावर लोक इंजिन चालू ठेवू लागले. टकटक केलं की काच खाली व्हायची आणि हसून उत्तर यायचं: ताई, उद्या हेही चुकीचं निघेल. पाठकांनी तर त्याचा विनोदच केला होता. कुंदाताई भांडल्या नाहीत. त्या आपली गाडी बंद करून तिच्यातच बसून राहायच्या. उतरेनाशा झाल्या. मी त्यांच्या मागे उभा असलो की मला माझंच इंजिन नकोसं व्हायचं, मी ते बंद करायचो, पण एवढ्याने पोपट कुठले ऐकू यायला.

अशात आवळीभोजन आलं. आणि नागपूरहून लेकीचा आग्रहही आला होता, की आता तिकडेच या. महिन्याभरात त्या जाणार हे ठरलं होतं. सगळ्यांनी गृहीत धरलं की निदान या शेवटच्या वर्षी तरी कढी त्यांच्याच गाडीतून जाणार. सकाळी पातेलं बाहेर आलं, वाफाळतं, कढीपत्त्याचा वास गल्लीभर. कुंदाताईंनी ते उचलून देणाऱ्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, कढी सुहासच्या गाडीतून जाईल.

सुहास तर पांढराफटक पडला. तेव्हा सिंधूताई पुढे आल्या. प्लास्टर निघालेलं, मनगट अजून बारीक दिसत होतं. त्या सुहासच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, द्या इकडे. पातेलं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या अपघातानंतर त्या पहिल्यांदा मुलाच्या गाडीत बसत होत्या, तेही काठोकाठ गरम कढी घेऊन. कुंदाताई आपली गाडी घरीच ठेवून माझ्या गाडीत मागे येऊन बसल्या. मी आयुष्यात इतकी जपून गाडी कधी चालवली नाही. कढी माझ्याकडे नव्हती, तरीसुद्धा.

सुहास पुढे, त्याच्यामागे पाठक, त्यांच्यामागे मी, आणि मागे कॉलनीची सगळी वरात. फाटक बंद होतं.

सुहासची गाडी लांबूनच हळू होत गेली आणि फाटकापाशी अलगद थांबली. तिचं इंजिन बंद झालं. मीही बंद केलं. मागे बाकीच्यांच्या गाड्या सुरूच होत्या, आणि आमच्या मधे पाठकांची धडधड. आरशात मला कुंदाताईंचे मांडीवर ठेवलेले हात दिसत होते.

एवढ्यात पुढच्या गाडीची काच खाली आली. सिंधूताईंनी मान बाहेर काढली आणि मागे वळून म्हणाल्या, "पाठकजी, बंद करा हो. तुमच्या धडधडीनं माझी कढी हिंदकळून राहिली."

हे शक्यच नव्हतं. पाठकांनाही ते माहीत होतं. पण कढीपुढे कोण बोलणार? पाठकांनी इंजिन बंद केलं. मग मागची गाडी. मग तिच्या मागची. बाजूला उभ्या असलेल्या ट्रकवाल्याने आमच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि त्यानेही केलं. धडधड मागे मागे विझत गेली, आणि सिंधूताईंनी तो बारीक झालेला हात खिडकीबाहेर काढून एक बोट वर केलं.

"आता ऐका," त्या म्हणाल्या.

पोपट होते. देवळातली घंटा होती. क्वार्टरमधला कुकरही, देवाची शप्पथ, बरोबर तेव्हाच वाजला. मी आनंदाने स्टिअरिंगवर थाप मारली आणि कुंदाताईंकडे वळलो. त्यांना मी नीट पाहिलं ते हे शेवटचं, पुढे सामानसुमानाच्या गडबडीत नुसतं येणंजाणं झालं. त्या काच पूर्ण खाली करून, हनुवटी हातावर टेकून बसल्या होत्या. डोळे भरलेले, आणि तरीही शाळा सुटल्यासारखा चेहरा. काहीतरी मोठं बोलतील म्हणून मी वाट पाहिली.

रेल्वेगाडी धडधडत निघून गेली, फाटक वर झालं. पुढे सुहासने पहिला गिअर टाकला, पातेल्यावरचं झाकणसुद्धा हललं नसेल इतका हळू. कुंदाताईंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावर अंगठीने टकटक केलं.

"चलो, निघा आता," त्या म्हणाल्या. "कढी थंड होऊन राहिली."